दोन इंच खाली

गाडी दोन इंच खाली बसवायची, एवढंच मी ठरवलं होतं. गाडी म्हणजे दोन दारांची, लाल, जवळजवळ माझ्याच वयाची स्पोर्ट्स कार. मेकॅनिकलचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं आणि ती घेतली. (वडील या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वेगळी कीव करावी लागत नाही.) कॉलेजच्या पहिल्या वर्षी रस्त्याचं पाणी अंगणात येऊ नये म्हणून मी गेटमध्ये सिमेंटचा उंबरठा ओतला होता. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला फायदा तेवढाच.

कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीची अट होती : स्वतः खाली बसवलेली गाडी रविवारी दहाच्या आत चालवत आण, सोमवारपासून कामावर ये. वडिलांची अट त्याहून सोपी : नाही जमलं तर सोमवारी पुन्हा कॉलेज. फॉर्म त्यांनी भरूनच ठेवला होता. फक्त शाखेचा रकाना कोरा.

"तेवढं स्वातंत्र्य तुला," म्हणाले.

शनिवारी दुपारपर्यंत तीन चाकांवर आखूड स्प्रिंगा बसवून झाल्या. चौथ्याची स्प्रिंग बदलायला आधी तिथला शॉक, म्हणजे धक्के झेलणारा दांडा, काढायला हवा; तो हलेना. त्याचं खालचं टोक ज्या लोखंडी कड्यात बसतं, त्याच्याशी ते गंजून एकजीव झालं होतं. (आमच्या घरात इतकं घट्ट नातं मी दुसरं पाहिलेलं नाही.) तेल सोडलं, हातोडी मारली, शेवटी लाथाही मारल्या.

वडील शेजारी खुर्ची टाकून बसले. घरातला दिवा गेला तरी ते माणूस बोलावतात. पण सल्ल्याला कुठे अवजार लागतं?

"उलटं फिरवतोयस."

"बाबा, हे फिरवायचं नसतं. ओढायचं असतं."

"मग उलटं ओढतोयस."

रविवारी साडेआठला आई उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली.

"बरणीचं झाकण अडकलं की मी बाहेरून गरम करते. सरक."

"आई, ही बरणी नाहीये."

"बरणी तरी तुला कुठे उघडते?"

तिने कड्यावर पाणी ओतलं, मी वैतागून एक टोला हाणला आणि शॉक थेट माझ्या पायावर आला. श्रेय मी हातोडीला दिलं.

साडेनऊला नवी आखूड स्प्रिंग बसली. गाडी जमिनीला अशी चिकटून उभी राहिली, की मीच दोन मिनिटं बघत बसलो. मग सुरू केली आणि गेटकडे नेली. पुढची चाकं उंबरठ्यापलीकडे उतरली, आणि खर्र आवाज करत गाडीचं पोट त्याच्यावर टेकलं. आता ना पुढे, ना मागे.

आधी ती त्यावरून बोटभर अंतर राखून जायची. दोन इंच बोटापेक्षा जास्त असतात, हे मला कोणत्याच वर्षी शिकवलं नव्हतं.

मी हातोडी घेऊन उंबरठ्यावर तुटून पडलो. टवकाही उडाला नाही. (आत सळ्या घातल्या होत्या. चार.) वडील खुर्ची घेऊन गेटपाशी आले, बसले, घड्याळ बघत राहिले. दहा वाजले तसे उठले. उंबरठ्यावर चपलेने दोनदा टकटक केलं.

"पहिल्याच वर्षी इतकं पक्कं काम?"

मी हातोडी खाली ठेवली.

त्यांनी खिशातून फॉर्म काढला आणि गाडीच्या टपावर पसरला. टप आता लिहायला अगदी सोयीच्या उंचीवर आला होता. कोऱ्या रकान्यात, मला न विचारता, त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं : सिव्हिल.