शिशाचे आप्पे

जाळ्याची वजनं बाजारातून आणायची नाहीत, घरीच ओतायची, असं लवूने ठरवलं आणि त्याच्या घरातल्या विजेचे वाईट दिवस सुरू झाले. विटांच्या खोक्यात शेगडीची कॉइल बसवून धातू वितळवणारा एक माणूस त्याने मोबाइलवर पाहिला होता. (त्या माणसाला बायको नसावी.) नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, नवं जाळं वजनांवाचून पडून होतं, आणि लवू अख्ख्या बंदरावर सांगून बसला होता, "औंदा पयलं जाळं माजंच पडनार!"

पडवीत भट्टी उभी राहिली. बटण दाबलं की घरातली वीज गडप. शेवटी फ्रिज, पंखा, टीव्ही सगळं बंद केल्यावर ती टिकली आणि पळीतलं शिसं चक्क पाण्यासारखं हललं. लवूचे डोळे भरून आले. (थोडे धुरामुळेही.) आता साचा हवा. स्वयंपाकघरात खिळ्याला बिडाचं आप्पेपात्र टांगलेलं होतं. इतका सुबक साचा मिरजोळ्याच्या कारखान्यात तरी मिळाला असता का?

पौर्णिमेला सकाळीच लवूच्या बायकोचा, मालनचा, भाऊ भावेश हेदवीहून राखी बांधून घ्यायला आला. आप्पे म्हणजे त्याचा जीव की प्राण. मालनने पीठ फेटलं, भिंतीकडे वळली आणि ओरडली, "माज्या आयेनं दिल्लं पात्र कोनी नेलंन?"

लवूने पडवीतून पात्र आणलं. खळग्याखळग्यात चकचकीत आप्पे.

"शिसं म्हंजे विष! ह्यात आता खायचं कोन करनार?"

"नवं आनतो ना. पन वजनं बघ तरी, कशी गोल झालीत!"

भावेशने एक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. "भावोजी, दोरी कुटनं ओवायची?"

लवूने टोपलीभर वजनांवरून नजर फिरवली. भोक एकालाही नव्हतं.

मालन संतापली होती खरी, पण बंदरावर नवऱ्याचं हसं व्हावं हे तिला मुळीच सोसणारं नव्हतं. तिने खिळ्यांचं पुडकं आणून लवूपुढे आपटलं आणि स्वतः फ्रिजचा प्लग उपटला. लवू पुन्हा शिसं ओतत गेला. भावेश उपाशीपोटी पक्कडीने एकेक खिळा खळगीत उभा धरत आणि शिसं थिजलं की उपटून भोक पाडत राहिला.

संध्याकाळी दर्याला नारळ दिला, होडी सुटली आणि जाळं सरळ तळाशी गेलं. आपलं काही बुडाल्याचा लवूला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

मग शेजारच्या होड्यांनाही तसली वजनं हवी झाली. मालनने पडवीवर पाटी रंगवली : 'मालनचे आप्पे (खाऊ नयेत)'.

"माजं नाव कुटं हाय?" लवूने विचारलं.

"पात्र कोनाचं?"

हल्ली हा कारखानदार रोज सकाळी भट्टी पुसतो, पळीत शिसं ठेवतो, बटणावर बोट टेकवतो आणि स्वयंपाकघराकडे मान करून विचारतो, "लावू काय?"

"थांबा. आधी मिक्सरात चटणी व्हू द्या."