आडवा वाचलेला फळा

केवलराम कंडक्टर त्या मंगळवारी सरपंचांच्या मर्जीने वाचनालय समितीचे अध्यक्ष होण्याच्या बेतात होते. लाभ म्हणाल तर एक खुर्ची, सव्वीस जानेवारीला माईक आणि समोर हक्काची माणसं. तीस वर्षं गोंदिया-नवेगाव एसटीत त्यांनी राजकारण, पुस्तकं, प्रकृती आणि कबड्डी यांवरची आपली मतं प्रवाशांना ऐकवली होती. धावत्या गाडीतून उतरायची सोय कोणालाच नव्हती. निवृत्तीनंतर ऐकायला एकट्या सुलोचनाबाई उरल्या, आणि त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेत.

म्हणून मतं वाचनालयाच्या फळ्यावर आली. वर ऑइलपेंटने चार मथळे: राजकारण, पुस्तक, आरोग्य, खेळ. मध्ये उभ्या रेघा, आणि रोज प्रत्येक रकान्यात एकेक विचार. केवलरामांचा हात थरथरे, त्यामुळे ते सांगत आणि वाचनालय सांभाळणारी रचना लिही. खाली नाव मात्र त्यांचं.

त्या दिवशी रचनाचंही काही पणाला लागलं होतं. धान खरेदी केंद्राचा बारदाना ठेवायला सरपंचांच्या साळ्याला हीच खोली हवी होती. सरपंच गुलाबराव खोली बघायला येणार, आणि संध्याकाळच्या सभेत पुस्तकं राहणार की पोती, हे ठरणार. पोती आली की रचनाचं काम गेलं.

"काकाजी, आज साधंच लिहू," ती म्हणाली.

"साधं कायले? सरपंचाले खूश कराचं आहे. आनि त्या रेघा पुस. शाळेचं वेळापत्रक वाटून राहिलं."

"रेघा राहू द्या नं जी. गिचमिड होते."

"तीस वर्षं तिकिटं फाडली मी. मले रकाने शिकवतं का?"

रेघा पुसल्या. मग केवलरामांनी फळ्याच्या वरच्या कडेला झेंडूचं भरगच्च तोरण लावलं, आणि त्याखाली चारही मथळे झाकले गेले.

"मोठ्या अक्षरात लिही, एकेक विचार दोन ओळीत," ते सांगू लागले. "राजकारण: आपले सरपंच गावाचा आधार. पुस्तक: पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. आरोग्य: जे खात राहतात, त्यांचे पोट बिघडते. खेळ: पकड होत नाही तोवर दम धरा."

"'जे' मावत नाही, काकाजी."

"मंग काढ. लोकाले समजते."

लोकांना समजलंच. अकरा वाजता गुलाबराव आले. सोबत त्यांचा ठेकेदार मुन्ना आणि मागे पंधरावीस माणसं. गुलाबरावांचा चष्मा घरी राहिला होता.

"आपल्याबद्दल लिहिलं आहे, साहेब," केवलराम अदबीने म्हणाले.

"अरे वा! मुन्ना, जरा जोर से पढ."

मुन्नाने घसा साफ केला आणि सगळं जग वाचतं तसं डावीकडून उजवीकडे वाचलं. "आपले सरपंच... पहिल्यापासून... खात राहतात... पकड होत नाही."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. मुन्ना थांबला नाही, वाचायला सांगितलं की तो वाचतो. "गावाचा आधार... शेवटपर्यंत वाचा... त्यांचे पोट बिघडते... तोवर दम धरा."

"दम धरा?" गुलाबराव लाल झाले. "काऊन? मले जुलाब लागाची वाट पाहून राहिले का तुमी?"

"असं नाही जी!" रचना पुढे धावली. "हे उभं वाचाचं आहे. वर मथळे आहेत, पाहा!" तिने तोरण वर उचललं. पहिलाच शब्द दिसला: राजकारण.

"पाहिलं," गुलाबराव म्हणाले. "राजकारणच होय हे. कोनाचं अक्षर आहे?"

तेवढ्यात चारपाच मोबाइल वर झाले होते. खालचं नाव केवलरामांनी कोपराने केव्हाच पुसून टाकलं होतं.

"अक्षर..." ते तोरणाकडे बघत म्हणाले, "अक्षर तर पोरीचं आहे, साहेब."

"काकाजी!" रचना म्हणाली. "सांगितलं कोनं?"

"मी विचार सांगतो. मांडणी माझ्याकडे नाही."

संध्याकाळी सभा सात मिनिटांत आटोपली.

पण फोटो तोवर तालुकाभर फिरला होता. दुसऱ्या दिवशी मागच्या निवडणुकीत पडलेले खुशालभाऊ पेढे घेऊन केवलरामांच्या दारात आले. "गावात एकच मर्द निघाला! रविवारी मंडईच्या जत्रेत आमच्या स्टेजवर दोन शब्द बोला."

केवलरामांनी पेढा तोंडात टाकला. "लिहिलं खरं मीच," ते म्हणाले. "पोरीनं फक्त खडू धरला."

आतून सुलोचनाबाईंचा आवाज आला, "मंग तिच्या घरी जाऊन सांगा नं हे." केवलरामांना त्या वेळी ऐकू आलं नाही.

रविवारी ते पाऊण तास बोलले, त्यातली वीस मिनिटं निर्भीडपणावर. गुलाबरावांचं काही बिघडलं नाही. साळ्याला खोली मिळाली आणि फळ्याच्या हशात ती मागितल्याचा बोभाटाही झाला नाही. पुस्तकं शाळेच्या जिन्याखाली गेली. रचना आता गोंदियाला एका कापडाच्या दुकानात उभी असते, जाऊन-येऊन चार तास बसमध्ये.

किल्ली द्यायला गेली त्या दिवशी मुन्नाने तिला थांबवलं. "एक मिनिट, रचना. फळ्यावर सूचना तेवढी लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे."

तिने लिहिलं: "वाचनालय बंद." उभं वाचा, आडवं वाचा, अर्थ एकच. खडू संपला होता, नवा तिने समोरच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने आणला.