योहानमास्तरांची दोन भयं

योहानमास्तर स्वतःच्याच रिकाम्या घराचं दार वाजवायचे. कुलूप काढायचं, कडी तीनदा वाजवायची, कान देऊन उभं राहायचं, मगच चपला काढून आत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इंदापुरातल्या मिशनच्या शाळेत आम्ही बरोबरीचे मास्तर आणि शेजारी. ते ख्रिस्ती, मी जोश्यांचा. तो प्रकार पाहून भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा.

एका साहेबाकडून ते ग्रीक शिकले होते. ग्रीक कसलं, एकच शब्द: फोबोस. म्हणजे भय. त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, तो येईल तिथं यांची तांबड्या शाईची खूण. म्हणायचे, "तात्या, ह्यात दोन भयं हायेत. एक पळायचं, एक थांबायचं." साप दिसला की पळायचं, देवापुढं पाय जड होतात ते थांबायचं. एकदा इन्स्पेक्टर आला, पोरं चिडीचूप, आणि हे माझ्या कानात विचारतात, यातलं कोणतं? मी फिस्सकन हसलो आणि बोलणी खाल्ली.

त्यांची बारामतीला बदली झाली तेव्हा मात्र माणूस हबकला. घर सोडवेना. आत कोण बसलंय हो तुमच्या, असं मी चेष्टेनं विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला नंतर.

निघायच्या दिवशी गाडीत सामान चढलं. आतल्या खोलीत फक्त पाण्यानं भरलेला एक तांब्या होता. तो उचलायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला.

"प्लेगात ती तापली, तवा हा तांब्या उशाशी ठेवला आन् पळालो. 'येतो' म्हणालो न्हाय. तिसऱ्या दिवशी येऊन दार वाजवलं. आतनं 'या' आलं न्हाय."

मग हळूच म्हणाले, की प्रभूच्या रिकाम्या कबरीवरून बाया पळाल्या, तिथंही हेच भय लिहिलंय. आणि त्यांना कुणी टाकलं नाही. एवढी वर्षं तांबड्या शाईनं हा माणूस स्वतःसाठी माफी शोधत होता.

उंबऱ्याबाहेर जाऊन, पाठमोरे उभे राहून ते म्हणाले, "येतो गं."

आणि हलेचनात. गाडीवानानं दोनदा हाक मारली. मी आत एकटा. वारा नव्हता, तरी तांब्यातलं पाणी थरथरलं. पळावंसं वाटलं, पण पाय उचलेनात.

"या," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही.

मास्तरांनी मागं पाहिलं नाही. डोळे पुसले, चपला घातल्या आणि गाडीत बसले.