टपावरचा चौथा छेद

कैलासने गाडीचं दार उघडलं, सीटवर बसला, पाय आत घेतला आणि पायाखालून 'चुबूक' असा आवाज आला. त्याने पाय उचलला. चटईवर चपलेच्या आकाराचं एक लहानसं तळं झालं होतं. त्याने दुसरा पाय ठेवून पाहिला. पुन्हा चुबूक.

आदल्या संध्याकाळी पाऊस झाला होता हे खरं, पण काचा बंद होत्या, दारं बंद होती. तरी गाडीत पाणी होतं आणि गाडी सासऱ्याची होती. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर होती.

सासरे म्हणजे नत्थूजी. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये बत्तीस वर्षं सुपरवायझर होते. मशीनच्या घरघराटावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की कैलासच्या लग्नात ते "जवाईबापू, बसा!" म्हणाले तेव्हा शेजारच्या मांडवातला नवरदेवही खाली बसला होता. सुपरवायझरकी सुटली, आवाज सुटला नाही. जुलैत त्यांनी फोन करून फर्मावलं होतं, "आमच्या वस्तीत वेणा नदीचं पानी चढते. गाडी तुमी घेऊन जा. पोयाच्या सनापर्यंत वर्ध्यालेच राहू द्या. रोज थोडी चालवजा, नाई तं बॅटरी उतरते. अन् जपून!"

त्या 'जपून'चे कैलासने मनातल्या मनात शंभर अर्थ लावले होते. तो सेवाग्रामच्या दवाखान्यात रेकॉर्ड विभागात होता. एक कागद हरवला तरी त्याला ताप यायचा. आता त्याला आठवलं, की रविवारी आपण शेजाऱ्याचा पाइप आणून ही गाडी धुतली होती. टप जरा जोरातच घासला होता. म्हणजे गाडी आपणच बिघडवली!

त्याने गुपचूप घरातून जुनी चादर आणली आणि पाणी टिपून घेतलं. चादर पिळली तर बादलीत फेस आला. पांढरा, भरघोस फेस.  बॅटरीतलं तेजाब गळतं असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

"काय पिळून राह्यले?" मागून अंकिताने विचारलं.

"काही नाही. चादर धुतली."

"दवाखान्यात जायच्या वेळी? अन् ही तर माझ्या आईनं दिलेली चादर आहे!"

कैलासला खरं सांगावं लागलं. अंकिता ऐकत गेली तसा तिचाही चेहरा उतरला. नत्थूजींची मुलगी असल्यामुळे तिला धोक्याचा अंदाज कैलासपेक्षा जास्त होता. "बाबांना फोनवर काही बोलू नका," ती म्हणाली. "तुमचा आवाज थरथरते. त्यांना कळून जाईल."

तेवढ्यात फोन वाजला. नत्थूजीच होते.

"जवाईबापू! गाडी बरी हाये ना?"

"हो मामाजी, एकदम."

"काई तक्रार?"

"नाही, नाही."

"पाऊस हाये का तिकडं?"

"थोडासा."

 मग "ठीक हाये" म्हणून फोन बंद झाला. तो शेवटचा प्रश्न कैलासला दिवसभर पुरला. त्यांनी पावसाचंच का विचारलं? त्यांना कसं कळलं?

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केल्यावर समोर एक लाल दिवा लागला. एअरबॅगचा. कैलासने तिथूनच ओळखीच्या मेकॅनिकला, रोशनला फोन लावला.

"सीटखालची वायर ओली झाली असन, भाऊ," रोशन म्हणाला. "टेन्शन नका घेऊ. आरामशीर घेऊन या."

"पण ती बॅग फुटली तर?"

"अशी कशी फुटन? म्हणजे... आजपर्यंत तं नाई फुटली कोनाची."

हे 'आजपर्यंत' कैलासच्या मनात बसलं. सीट शेवटपर्यंत मागे सरकवून, हात लांब करून, मान एका बाजूला वळवून तो रोशनच्या गॅरेजपर्यंत आला. वाटेत भेटलेल्या दोघांनी त्याला मानेला काय झालं म्हणून विचारलं.

रोशनने चटया काढल्या, सीटा सोडवल्या, खालचा फोम उचलून उन्हात टाकला. गाडी आतून सोललेल्या फणसासारखी दिसू लागली. ते पाहून कैलासला दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. वायरी पुसून जोडल्यावर लाल दिवा विझला, पण पाणी कुठून येतं ते कळेना.

"पानी जिथं दिसते तिथून येत नाई, भाऊ," रोशनने समजावलं. "घुसते एकीकडून, पयते दुसरीकडून, अन् दिसते तिसरीकडून. आता असं करू. आत सगळीकडं पेपर हातरतो. तुमी टॉर्च घेऊन आत बसा. मी बाहेरून पानी मारतो. पयले खालून, मग वर वर. जिथून थेंब येईन तिथं बोट ठेवा."

"मीच बसू?"

"मले पाइप धरा लागते ना."

कैलास आत बसला. काचा बंद. बाहेर पाण्याचा भडिमार सुरू झाला आणि त्याला पुरात वाहून चालल्यासारखं वाटू लागलं. रोशनने काचेखालून सुरुवात केली, मग एकेक दार घेतलं. पेपर कोरडेच राहिले. रोशन बाहेरून तोंड हलवून काहीतरी विचारत होता. "काय?" कैलास आतून ओरडायचा. "काय?" रोशन बाहेरून ओरडायचा. अशातच कैलासच्या खिशातला फोन वाजला. घाबरून त्याने तो उचलला.

"जवाईबापू! हा कायचा आवाज येऊन राह्यला?"

"पाऊस, मामाजी."

"एवढा पाऊस? इथं तं ऊन पडून राह्यलं!"

"इकडे... खूपच आहे."

"गाडी कुठं हाये?"

"माझ्याजवळच आहे," कैलास म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या मानेवर थंडगार थेंब पडला. "आईगं!"

"काय झालं?"

"काही नाही मामाजी, वीज चमकली," म्हणून त्याने फोन ठेवला आणि टपाच्या अस्तरावर बोट दाबून धरलं.

रोशन स्टुलावर चढला. टपावर मागच्या बाजूला चार छेद होते. अंकिताच्या लग्नाचं सामान न्यायला नत्थूजींनी वर कॅरियर ठोकलं होतं, त्याचे. कॅरियर नंतर काढून टाकलं. तीन छेद रबर लावून पक्के बुजवलेले होते. चौथ्यात रोशनने नख घातलं, वास घेतला आणि तो हसायलाच लागला.

"भाऊ, साबन हाये! आंगाचा साबन! कोन्या येड्यानं छेदात साबन भरला?"

कैलास हसला नाही. गाडी आपण बिघडवली नाही, तेजाबही नाही, हे कळून त्याचा जीव क्षणभर हलका झाला आणि लगेच दुप्पट जड झाला. तो येडा कोण ते त्याला ठाऊक होतं. रोशनने छेदात रबराचं बूच बसवून वरून सीलंट भरलं, पुन्हा पाणी मारलं, थेंब नाही. गाडी जोडून घरी आणेपर्यंत कैलासच्या डोक्यात एकच विचार होता. दुरुस्ती दिसली, की आपण त्यांचा साबण पकडला हे मामाजींना कळणार. सासऱ्याची चूक पकडणारा जावई त्याने आजवर एकही सुखी पाहिला नव्हता.

अंकिताने न्हाणीतून साबणाची वडी आणून दिली. "वरून लावून द्या. त्यांना कळणारच नाही." मग भर दुपारी शेजाऱ्यांची नजर चुकवत कैलासने पक्क्या बुजवलेल्या छेदावर साबणाचा थर लिंपला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच नत्थूजी आणि सासूबाई देवकाबाई बसने येऊन दारात उभे राहिले. पाऊस रिमझिमत होता. देवकाबाईंच्या हातात मोठी पिशवी होती. नत्थूजींनी पाणीसुद्धा न पिता छत्री घेऊन गाडीला प्रदक्षिणा घातली. टाचा उंचावून टपावर पाहिलं. साबण जागेवर होता. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"तुमच्या सासूबाई माह्या मागं लागल्या हाये," ते आत येऊन म्हणाले, "पोयाले वडनेरले भावाकडं जायचं म्हंते. पन पावसात गाडी काढता येत नाई. गयते ते. दरसाल दुरुस्त करतो, दरसाल गयते. काय करता!"

"नाही बाबा," अंकिता बोलून गेली, "आता नाही गळत. यांनी पक्की करून आणली."

कैलासने डोळे मिटले. आता तो आवाज येणार होता. पण आवाज आला नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा नत्थूजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पक्की?" त्यांनी विचारलं.

"मंग निघू ना," देवकाबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून गाडीत जाऊन बसल्याही.

नत्थूजींनी कैलासचा दंड धरून त्याला गाडीच्या मागे नेलं. बत्तीस वर्षं मशीनवर मात करणारा आवाज आता छत्रीबाहेरही जात नव्हता. "ते साबन काढाले तुमाले कोनं सांगतलं होतं?"

"मामाजी, चुकलं माझं..."

"मीच भरतो तो. दुरुस्त केली असं दिसलं पायजे, अन् पाऊस आला का गयली बी पायजे, म्हंजे वडनेरले जा लागत नाई." त्यांनी गाडीकडे चोरून पाहिलं. "दोन वर्सांआंधी वडनेरच्या फाट्यावर एक ट्रक आंगावर आला होता. थोडक्यात वाचलो. तवापासून हायवे दिसला का हातपाय कापतात माहे. कोनाले सांगतलं नाई मी. सुपरवायझर मानूस, कसं सांगू?"

 इतकी वर्षं आपण ज्यांना भीत होतो तेही कशालातरी भितात, हे कैलासच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मी चालवतो, मामाजी," तो म्हणाला. "तुम्ही बाजूला बसा."

हिंगणघाटपर्यंत नत्थूजी मिलच्या गोष्टी सांगत होते. पुढे गाडी हैदराबादच्या रस्त्याला लागली आणि गोष्टी थांबल्या. त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीवरची कडी धरली. समोरून ट्रक दिसला की ते पाय अशा जोराने खाली दाबत, जणू ब्रेक त्यांच्याकडेच होता. 

"जवाईबापू," मागून देवकाबाई म्हणाल्या, "जरा सावकाश घ्या. यायले ट्रकचं भेव वाटते."

 नत्थूजींची मान हळूहळू मागे वळली. "तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले काऊन पायजे? दोन वर्सं झाले, झोपीत 'ट्रक आला, ट्रक आला' करता."

"मंग तू काही बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? एवढ्या मोठ्या आवाजाच्या मानसाले भेव वाटते, असं बायकोनं म्हनाव काय?" देवकाबाईंनी पदर सारखा केला. "दरसाल साबन कुठं ठेवला हाये म्हनून इचारत होते ना तुमी? कायले पायजे ते मी एक डाव तरी इचारलं? उलट नवी वडी काढून देत होती. आता चालवाले जवाई भेटले, म्हनून निघाली."

नत्थूजी पुढे वळले. समोरून एक भलामोठा ट्रक पाणी उडवत आला आणि गेला. या वेळी त्यांनी पाय दाबला नाही. दाबायचं सुचलंच नाही. थोड्या वेळाने त्यांनी कडीवरचा एक हात सोडला आणि कपाळ पुसलं.

"लय गरम होऊन राह्यलं," ते पुटपुटले आणि त्यांनी आपल्या बाजूची काच अर्धी खाली केली.

पावसाची सर सरळ आत आली. त्यांचा खांदा भिजला, सीट भिजली, पाणी ओघळून नुकत्याच कोरड्या केलेल्या चटईवर साचायला लागलं. कैलासने ते पाहिलं आणि गाडी आणखी सावकाश घेतली.