काटा मध्ये आहे

वालावलकरकाका सकाळी भेटल्यावर गुड मॉर्निंग म्हणत नाहीत, कसा आहेस म्हणत नाहीत. मी त्यांच्या गाडीत बसतो, दार ओढून घेतो, आणि ते समोर बघत विचारतात, "काटा?"

मी म्हणतो, "खाली."

मग गाडी निघते. नॅशनल पार्कच्या गेटपाशी पुन्हा, "काटा?" "वर येतोय." मागाठाण्याला, "काटा?" "मध्ये." तिथून अंधेरीपर्यंत दर दोन मिनिटांनी हेच. "काटा?" "मध्ये." "काटा?" "मध्ये."

हा काटा म्हणजे इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा. गाडी चालवणाऱ्याने स्वतः बघितला तर काय बिघडेल, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "ड्रायव्हरने रस्ता बघायचा असतो," काका म्हणाले. विषय संपला. सहा वर्षं मी तो काटा बघतोय. परवा कँटीनमध्ये नूडल्स घेताना मागून कोणीतरी "काटा?" म्हणालं. "मध्ये," मी म्हणालो. त्या बिचाऱ्याला खायचा काटा हवा होता.

आम्ही चौघं अंधेरीच्या एका पॅकेजिंग कंपनीत. काका स्टोअर्समध्ये, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. मी डिझाइनला, निशा कामत अकाउंट्सला आणि कदम डिस्पॅचला. चौघंही बोरिवली पूर्वेला राहणारे. बसच्या रांगेपेक्षा काकांची गाडी बरी, असं वाटून आम्ही एकेक करून तिच्यात शिरलो आणि अडकलो.

गाडी चॉकलेटी आहे. म्हणजे होती. आता बॉनेट चॉकलेटी, दारं उन्हाने तपकिरी आणि एक मडगार्ड मरून, कारण भंगारवाल्याकडे त्या मॉडेलचं तेवढंच शिल्लक होतं. काका माणसांशी आपल्यासारखं मुंबईचं मराठी बोलतात, पण गाडीशी मालवणीत. चढावर तिने आचका दिला की स्टिअरिंगवर हात फिरवत म्हणतात, "काय झाला गो? रागावलंस?" ती बंद पडली असं ते कधीच म्हणत नाहीत. "जरा नाराज आहे," म्हणतात. आम्ही नाराज असलो तर विचारत नाहीत.

गाडी सुरू करण्याचा एक विधी होता. किल्ली अर्धी फिरवायची, मागे पेट्रोलचा पंप 'उंऽऽ' करेपर्यंत थांबायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. त्या दहा आकड्यांत कोणी बोलायचं नाही. निशा एकदा सातला शिंकली. काकांनी किल्ली काढून घेतली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

त्यांच्या सीटजवळ एक थर्मास असायचा. एका पावसाळी सकाळी कदमांनी चहा असेल म्हणून हात घातला.

"तो तिचा आहे," काका म्हणाले.

थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी होतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमायची, ती धुवायला. कदम वर्षभर सांगत फिरत होते की या माणसाने गाडीला चहा पाजला पण मला नाही.

कामं वाटलेली होती. माझ्याकडे काटा. निशाकडे नाक. गोड वास आला तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय, जळका आला तर क्लचप्लेट, अंड्यासारखा आला तर बॅटरी जास्त चार्ज होतेय, हे तिला पाठ करवलेलं. निशाला बारा महिने सायनस. सर्दी झाली की तिने आदल्या दिवशी कळवायचं, म्हणजे काका तेवढ्यापुरतं नाक कदमांकडे सोपवायचे. कदमांकडे मूळ खातं कानाचं. ब्रेकची करकर, बेअरिंगची गुरगुर, वळताना एक्सलची कटकट, सगळं त्यांनी ओळखायचं. म्हणून रेडिओ बंद. फोनवर बोलायचं नाही. एसी तर नाहीच, इंजिनवर लोड येतो. शिवाय मागचं डावं दार वळणावर आपोआप उघडायचं, म्हणून त्याच्या हँडलला एक निळी नायलॉनची दोरी बांधलेली होती आणि तिचं दुसरं टोक कदमांच्या मुठीत.

असे आम्ही ऑफिसला जायचो. पोचेपर्यंत एक शिफ्ट करून झालेली असायची.

मग हायवेवरून मेट्रो सुरू झाली. आमच्या बरोबर डोक्यावरून. आम्ही खाली वास घेत, आवाज ऐकत, दोरी धरून चाललोय आणि वरून थंडगार मेट्रो निघून जातेय. निशा खिडकीतून मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहायची. काका म्हणायचे, "निशा, नाक आत."

गेल्या मे महिन्यात जोगेश्वरीला ट्रॅफिक ठप्प झाला. काका म्हणाले, "काटा?"

"वर."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच नुसतं 'वर' म्हणालो होतो. 

"किती वर?"

"लालच्या जरा खाली."

"काचा उघडा सगळ्यांनी," काका म्हणाले आणि त्यांनी हीटर लावला. फुल्ल. मे महिना, दुपारसारखं ऊन आणि तोंडावर गरम वाऱ्याचा झोत. इंजिनची उष्णता आत खेचून घेतली की इंजिन वाचतं, हे ते समजावून सांगत होते आणि ते खरंही असेल, पण आमच्यातलं कोणी समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. निशाचं काजळ गालावर आलं. कदमांनी शर्टाची सगळी बटणं उघडली, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात दोरी. काटा हळूहळू खाली उतरला. "बघ, उतरली!" काका हर्षभराने ओरडले. खरोखर उतरली ती निशा. पुढच्या सोमवारपासून ती आलीच नाही. काकांना म्हणाली की शिफ्ट बदलली. अकाउंट्सला शिफ्ट नसते हे काकांनाही ठाऊक होतं. ते फक्त म्हणाले, "बरं."

दिवाळीनंतर कदमांचे गुडघे दुखायला लागले आणि डॉक्टरांनी म्हणे त्यांना रोज मेट्रोचे जिने चढायला सांगितलं. असा डॉक्टर मी अजून बघितलेला नाही.

राहिलो मी. काटा, नाक आणि कान, सगळी खाती माझ्याकडे आली. आणि दोरी. मी पुढे बसलेला, दार मागचं, म्हणून काकांनी दोरी वाढवून दोन सीटच्या मधून माझ्या हातात दिली. रोज सकाळी मी डोळे काट्यावर, नाक हवेत आणि हातात दोरी धरून हायवेवरून जातोय. शेजारच्या रिक्षातले लोक बघायचे. तळहाताला घट्टा पडला. क्रिकेट खेळतोस का रे, असं ऑफिसात एकाने विचारलंसुद्धा.

फेब्रुवारीत मी गुपचूप मेट्रोचं कार्ड काढलं. बायको, वैशाली, म्हणाली, "सांग ना सरळ. त्यात काय एवढं?" तीन वेळा मी सुरुवात केली. "काका, मी काय म्हणतो, उद्यापासून..." "काटा?" "मध्ये." आणि पुढचं वाक्य तिथेच राहायचं. चौथ्या वेळी तर मी "काका" एवढंच म्हणालो आणि ते घाबरून म्हणाले, "का? वास आला?"

शेवटी मला एक युक्ती सुचली. दहिसरला फ्रान्सिसचं गॅरेज आहे. काकांचा जगात कोणावर विश्वास असेल तर त्या फ्रान्सिसवर. त्याने जर सांगितलं की आता हिच्यात राम राहिला नाही, विकून टाका, तर प्रश्नच मिटेल. म्हणून एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो. फ्रान्सिस एका व्हॅनखाली झोपला होता. मी त्याच्या पायांशी बोललो.

"फ्रान्सिस, काकांच्या गाडीचं काहीतरी कर यार. वाट लागलीय तिची."

"कोणाच्या?" तो घसरत बाहेर आला. "वालावलकरसाहेबाच्या? डोकं फिरलंय काय तुझं? टकाटक आहे ती गाडी."

"टकाटक? अरे, काटा..."

"पंधरा वर्षं झाली ना तिला, परत पासिंग करायचं होतं. दिवाळीच्या आधी आख्खी उघडली मी. रेडिएटर नवीन, थर्मोस्टॅट नवीन, वायरिंग नवीन, बॅटरी नवीन. आरटीओवाला पण खूश झाला. अजून पाच वर्षं बघायला नको."

"आणि दार?"

"लॉक बदललं ना! लाथ मारलीस तरी नाय उघडणार."

मी माझा तळहात त्याच्यापुढे धरला. फ्रान्सिस आधी हसला. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "साहेब मला बोलला होता, कोणाला सांगू नको. मी विचारलं, का? गाडी चांगली झाली, पेढे वाट. तर बोलतो, अरे, गाडी चांगली आहे कळलं की माणसं नुसती बसतात. आणि नुसतं बसायचं तर मग माणूस मेट्रोतपण बसतो."

खरं सांगतो, मला दया वगैरे आली नाही. मी संतापलो. चार महिने! चार महिने मी एका न उघडणाऱ्या दाराची दोरी धरून बसलो होतो. काटा चार महिन्यांत मध्यावरून केसभर हलला नव्हता, पण रोज दर दोन मिनिटांनी विचारलं की आपल्यालाही वाटतं, हलत असणार. सोमवारी काय काय बोलायचं ते मी घरी आरशासमोर बोलून पाहिलं. वैशाली म्हणाली, आवाज थोडा कमी ठेव, म्हातारा माणूस आहे.

सोमवारी मी गाडीत बसलो. दोरी घेतली नाही.

"काटा?"

"काका, थर्मोस्टॅट नवीन टाकलाय ना तुम्ही?"

 गाडी निघाली. मागाठाणे गेलं, कांदिवली गेलं, मालाड गेलं. त्यांनी एकदाही काटा विचारला नाही आणि आरशासमोर तयार केलेलं माझं एकही वाक्य मला आठवेना. आरेच्या आधी त्यांनी गाडी डावीकडे घेऊन एका चहाच्या टपरीजवळ थांबवली. वाटेत थांबायचं नाही, इंजिन गरम असताना बंद केलं तर परत सुरू होत नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी इंजिन बंद केलं. दोन कटिंग खिडकीतूनच घेतले आणि एक माझ्या हातात दिला.

"फ्रान्सिसच्या पोटात काही राहत नाही," ते म्हणाले.

"पण का, काका?"

"काकू बंगळुरूला आहे ना. दोन वर्षं झाली. मुलीला जुळी झाली, त्यातला एक जरा अशक्त आहे. तिथे तिची गरज आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ती जायच्या आधी एकदा गोरेगावला साखर उतरली माझी. गाडी चालवताना. डिव्हायडरला घासली, बाकी काही नाही. पण तिने धसका घेतला. जायलाच तयार नव्हती. मी शब्द दिला, एकटा कधी चालवणार नाही म्हणून. चौघं असतो, मी काय एकटा असतो? असं सांगितलं, तेव्हा गेली."

"गाडी सोडायची मग. मेट्रोने यायचं आमच्याबरोबर."

"तेही करून बघितलं एक दिवस. सगळे कानात बोंडं घालून उभे. कोणी कोणाशी बोलत नाही." त्यांनी ग्लास डॅशबोर्डवर ठेवला. "घरी गेल्यावर तर काय, भिंतीच."

मला परत राग आला, पण तो आता नक्की कोणावर होता ते कळत नव्हतं. "अहो, मग सरळ सांगायचं ना आम्हाला!"

"काय सांगायचं?" काका म्हणाले. "माझ्याबरोबर बसा म्हणून?"

 चहा झकास आहे, असं काहीतरी मी बोललो.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर काकू, कडेवर एक बाळ, मागे कुकरची शिट्टी. काकांनी घाईघाईने चष्मा नीट केला.

"अहो, पोचला नाहीत अजून? थांबलात का? बरं वाटतंय ना?"

"मस्त आहे मी. चहाला थांबलोय."

"सगळे आहेत ना बरोबर?"

"आहेत ना," काका म्हणाले आणि पटकन फोन माझ्या हातात दिला. मी हात हलवला. बाळाने माझ्याकडे पाहून भोकाड पसरलं.

"काय रे प्रसाद, वाळलास! निशा कुठाय? आणि कदम? किती दिवसांत दिसले नाहीत."

काका समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. 

"मागे आहेत, काकू," मी म्हणालो. "झोपलेत दोघंही. कदम तर घोरतायत."

"अगंबाई! दमत असतील. बरं, उठवू नका हं त्यांना."

मी फोन काकांकडे दिला. "नाही उठवत," ते म्हणाले, आणि मग आवाज अगदी बारीक करून, मागे खरंच कोणीतरी झोपलं असावं तसं, दुसऱ्या बाळाच्या खोकल्याची चौकशी करू लागले.