खरपुडीचा हवाई नकाशा

जमिनीवर उगवणारी वस्तू नीट पाहायची तर जमिनीपासून निदान चारशे फूट लांब जावं लागतं. हे शास्त्र आहे. त्यात नुसत्या डोळ्यांचं काही चालत नाही.

याच शास्त्राला अनुसरून छत्रपती संभाजीनगरच्या एका कार्यालयानं खरपुडी या दुर्मिळ रानवनस्पतीची शिरगणती ड्रोननं करायचं ठरवलं. खरपुडी वीतभर उंचीची, झुडपाखाली गवतात दडून राहणारी. (हा तिचा दोष, कार्यालयाचा नव्हे.) काम आलं सर्वेक्षक बद्रीनाथांकडे. शहरातल्या शहागंजात वाढलेले बद्रीनाथ मेथी आणि कोथिंबीर एवढ्या दोन वनस्पती खात्रीनं ओळखत. त्यातही कधीकधी बायकोचं मत वेगळं पडे.

कन्नड तालुक्यातल्या डोंगरावर तीन दिवस ड्रोन उडाला. फोटो निघाले अकरा हजार दोनशे. चौऱ्याण्णव टक्के फोटोंत गवत, पाच टक्क्यांत ड्रोनचीच सावली आणि उरलेल्या एका टक्क्यात एक ठसठशीत हिरवा ठिपका. संगणकानं त्याला खरपुडी ठरवलं. ठिपका सोमवारी ओढ्याकाठी होता, मंगळवारी टेकडीवर, बुधवारी कड्याजवळ. अहवालात नोंद झाली : 'सदर वनस्पती दररोज सुमारे तीन किलोमीटर प्रवास करते.' साहेबांनी बद्रीनाथांची पाठ थोपटली. टेकडीला तारेचं कुंपण पडलं, चराईबंदी लागू झाली.

बंदीची पाटी ठोकायला बद्रीनाथ स्वतः गेले. समोर मेंढरं घेऊन म्हाळसाबाई उभी. वय साठीचं, लुगडं हिरवंगार. बद्रीनाथांनी खिशातला ठिपक्याचा फोटो काढला, बाईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"मावशी, सोमवारी ओढ्याकाठी होतात का?"

"व्हय. मेंढरं पाण्यावर नेली व्हती. डोक्यावर ते काय तरी घुंई घुंई करीत व्हतं, लई बुजली बिचारी. तुमचंच का ते?"

"आमचंच. खरपुडी शोधत होतो."

"मंग मला इचारायचं की! सरका सायेब, तिच्यावरच हुबे हायेत तुमी."

बद्रीनाथांनी दचकून पाय उचलला. चेपलेल्या रोपाला कंदिलासारखं इवलंसं फूल होतं. नोकरीत पहिल्यांदाच ते गुडघ्यांवर बसले. म्हाळसाबाईनं दोन तासांत सत्तेचाळीस रोपं दाखवली, बहुतेक कड्याजवळच्या उतारावर. कंद किती खायचा आणि किती मातीत ठेवायचा, तेही सांगितलं.

"मेंढरं हिला तोंड लावीत नायत. काट्यात ऱ्हाती ना. आता माझी जितराबं कुठं चारू, ते सांगा."

बद्रीनाथांनी दुसऱ्याच दिवशी खरा अहवाल लिहिला : ठिपका ही म्हाळसाबाई असून बंदी उठवावी. त्यावर साहेबांचा शेरा आला : 'रोपं हवाई छायाचित्रांत दिसत नसल्यानं अस्तित्वात नाहीत. सदर बाई दिसतात. त्यांचं संरक्षण सुरू ठेवावं व त्यांच्यापासून मेंढरं दूर ठेवावीत.'

मग बद्रीनाथांनी कुंपणात मेंढरू जाईल एवढी फट पाडली आणि नोंदवहीत 'वाऱ्यानं झालेलं नुकसान' असं लिहिलं. उभ्या नोकरीतली ही त्यांची एकमेव खोटी नोंद. (बाकीच्या फक्त चुकीच्या होत्या.)

पुढं कार्यालयाचा खरपुडीचा हवाई नकाशा मोबाइलवर प्रसिद्ध झाला आणि पहिल्याच रविवारी चार हजार निसर्गप्रेमी आले. त्यांच्या गाड्या लावता याव्यात म्हणून कड्याजवळचा उतार सपाट केला. सत्तेचाळिसांतली सहा रोपं उरली.

वाचकहो, त्यातली आपली गाडी मात्र छान सावलीत लागली होती. पाटीजवळ काढलेल्या फोटोखाली आपण 'निसर्ग वाचवा' असं लिहिलंत, तेही फार बरं केलंत.