जिलेबीच्या रंगातली पिसं

आखाडा बाळापुरात कोंबडीच्या दुकानासमोर गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस पिशवी पसरून उभा दिसला, तर भलता समज करून घेऊ नका. ते आमचे शेजारी दत्तामामा. कोंबडी त्यांना वर्ज्य आहे, फक्त पिसं हवी असतात. कधी शेजारच्या खाटकाकडे बकऱ्याच्या शेपटीचे केसही मागतात, आणि तो बिचारा ते आठवणीने वेगळे काढून ठेवतो.

या ऐवजाला घरी रंग चढतो. आधी साबणाचं पाणी, कारण 'आंगचं तेल गेल्याबिगर रंग बसत न्हाई'. मग चुलीवर पातेलं, त्यात नूडल्सच्या गाडीवरून आणलेला शिरका आणि हलवायाकडचा जिलेबीचा रंग. मामा वाफेत तोंड घालून हळूहळू ढवळत बसतात. 'पानी तापू द्यावं, रागवू देऊ न्हाई,' हे त्यांचं ब्रीद. आमच्या घरात आवाज चढला की हेच वाक्य भिंतीवरून येतं, आणि बायको माझ्याकडे पाहते.

वाळत घातलेली पिसं वाऱ्याने आमच्या अंगणात येतात. एकदा कुरडयांत पोपटी केस निघाला. सप्ताहाच्या पंगतीत मामा हिरव्यागार हातांनी बुंदी वाढत होते आणि माणसं ताटावर हात आडवे धरत होती. मामांना वाटलं, पोटं भरली.

सुकलेली पिसं दोऱ्याने गळावर बांधून मामा किडे करतात. पाण्यावर तरंगणारे, नारिंगी पंखांचे, हुबेहूब. ही विद्या मोबाइलवरची. कुठल्याशा थंड नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एक गोरा ती शिकवतो. त्याची भाषा मामांना कळत नाही, बोटं कळतात.

माझी बदली इथल्या शाळेत झाली तेव्हा मामी जाऊन वर्ष झालं होतं. गल्लीने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, की मामींनी अंथरुणावर असताना मामांकडून मासा न मारण्याचा शब्द घेतला आणि स्वतःच्या हाताने त्यांना माळ घातली. आणि हा माणूस रोज संध्याकाळी गळ घेऊन धरणावर जातो! मला मामा आवडायचे, म्हणूनच ते मनाला लागायचं. गेलेल्या बाईला दिलेला शब्द असा मोडावा?

एका रविवारी मी त्यांच्यासोबत गेलो. ऊन उतरलं होतं. धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे तेवढे वर होते, आणि पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं लागतं, काही कळत नव्हतं. मामांनी किडा टाकला. तो नारिंगी ठिपका डुलत राहिला आणि बघता बघता माझ्या डोळ्यांवर गुंगी आली. मग पाणी हळूच फुगलं. मासा वर आला, किडा तोंडात घेतला, जरा थांबला आणि सोडून गेला. मामा लेकरासारखे हसले.

"सुटला की," मी म्हणालो.

मामांनी दोरी ओढून किडा माझ्या तळहातावर ठेवला. गळाचं टोक पकडीने तोडलेलं होतं.

"मारनार न्हाई म्हनून शब्द दिलाय, सर," ते म्हणाले. "भेटनार न्हाई म्हनून न्हाई."

मग आपणहूनच सांगत गेले. हा रंगाचा उद्योग मामींनीच सुचवलेला. बाजेवर पडल्या पडल्या त्या पातेल्याकडे बघायच्या आणि अजून जरासं पिवळं करा म्हणायच्या. संध्याकाळी मामा परतले की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, आज कोण आलतं? मग मामा कोणकोणते मासे वर येऊन गेले ते सांगत बसत, पाहुण्यांबद्दल सांगावं तसं.

"आता कुनी इचारत न्हाई," ते म्हणाले आणि पुन्हा किडा टाकला. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दाराची कडी वाजली. मी भिंतीपाशी गेलो. विचारावं की नको असं झालं, तरी विचारलं, "मामा, आज कोण आलतं?"

पलीकडे चपला काढल्याचा आवाज आला.

"मरळ आलती, सर," मामा म्हणाले. "लेकरं घेऊन."